मागून घेतलेलं पार्किंग

माझ्या दुकानासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेंपो उभे असतात, आणि ते मी भर सभेत भांडून मागून घेतलेले आहेत.

कर्जतच्या बाजारपेठेत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. या धंद्याचा सगळा जीव दारातल्या उजेडात! ट्यूबलाइटखाली कुठलीच बाई रंग पक्का करत नाही. "थांबा हं, उन्हात बघते," म्हणत साडी नि पीस घेऊन ती पायरीवर जाते, आणि तिथेच काय ते ठरतं.

रस्त्यापलीकडे प्रमोदचं सरबताचं दुकान. प्रमोद म्हणजे माझा साडू, हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी त्याच्यावर जळतो. उगाच आडपडदा कशाला? त्याला केस आहेत. त्याला भाषण येतं. अधिक महिन्यात कडावला सासूबाईंनी आम्हा दोघा जावयांना तेहेतीस-तेहेतीस अनारसे दिले, त्यात माझे बारा फुटके निघाले, त्याचा एकही नाही! (मी मोजले. हो, त्याचेसुद्धा!) वर सासूबाई म्हणतात, "परमोद लय गुनाचा हाय." मग माझं तोंड बघून, "तुमीबी काय वाईट नाय."

तर पालिकेने बाजाररस्ता नव्याने करायचा ठरवला. फुटपाथ दोन्हीकडे, पार्किंग मात्र एकाच बाजूला. आणि नकाशात ते नेमकं आमच्या बाजूला! म्हणजे माझा उजेड गेलाच. लोकांच्या हरकती ऐकायला सभा ठेवली होती. मी भाषण पाठ करायला घेतलं.

"अहो, तुम्ही नका बोलू," ही म्हणाली. "तुम्ही लगेच चिडता."

"मी? चिडतो? कोण म्हणतं?" मी इतक्या जोरात ओरडलो की गिऱ्हाईक निघून गेलं.

सभेच्या दिवशी एक बाई जांभळ्यात अडकली. वांगी रंग की जांभूळ रंग, पाऊण तास! धापा टाकत सभागृहात पोचलो, तर माइकवर कोण? प्रमोद!

"माझी विनंती आहे," तो म्हणत होता, "पार्किंग माझ्या बाजूला करा. अगदी माझ्या दारात करा."

टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वा रे लबाडा! गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की थेट तुझ्या सरबतापाशी, होय? आणि वर टाळ्या! पाठ केलेलं भाषण गेलं खड्ड्यात. मी तिथूनच ओरडलो, "हरकत! पार्किंग आमच्याच बाजूला पाहिजे!"

बायकांच्या रांगेतून ही दोन्ही हात हलवायला लागली. मला वाटलं, जोर देतेय. मी आवाज आणखी चढवला. "नकाशात आहे तसंच ठेवा! माझ्या दारात! टेंपोसुद्धा चालतील!"

"दादा, अहो, ऐका तरी," प्रमोद म्हणाला.

"तू खाली बस रे! दर वेळी सगळं चांगलं तुलाच पाहिजे!"

इंजिनियरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "गाड्या दुसऱ्याच्या दारात ढकलणारे खूप बघितले," ते म्हणाले, "पण आपल्याच दारात लावा म्हणून भांडणारे आजच बघतोय."

"मग लिहून घ्या! सही देतो!"

दिली की हो! प्रमोद म्हणाला, "दादा मोठे आहेत, त्यांचा मान राहू द्या," आणि बसला. त्याच्या बसण्यालासुद्धा टाळ्या!

घरी हिने पर्स आपटली. "मीच प्रमोदना सांगितलं होतं, आमच्या उजेडासाठी बोला म्हणून. सरबताला काय ऊन लागतंय? बिचारा आपल्या दारात टेंपो घ्यायला तयार झाला, आणि तुम्ही!"

"मग आधी सांगायचं नाही मला?"

"सांगितलं असतं तर बोलू दिलं असतंत त्यांना?"

मी जेवायला वाढ म्हणालो. (नसतं दिलं.)

रस्ता झाला. झकास झाला. माझ्या दारात खोपोलीचे टेंपो ओळीने उभे राहायला लागले आणि दुकानात भर दुपारी दिवेलागण झाली. आता बायका म्हणतात, "भाऊ, इथे काही कळत नाही हो, जरा समोर जाऊन बघते." पीस माझा, ऊन प्रमोदचं! तो त्यांना खुर्ची देतो. मग बसल्या बसल्या त्या सरबत मागवतात.

गेल्या आठवड्यात सासूबाई कडावहून साडीला मॅचिंग घ्यायला आल्या. मी एक पीस काढला. आता उन्हात बघायचं म्हणजे आलीच मला प्रमोदची पायरी! गेलो.

"हा बघा, अगदी तोच हिरवा," मी म्हणालो.

"दादा," गल्ल्यावरून प्रमोद हळूच म्हणाला, "साडी हिरवी आहे. पीस मोरपंखी वाटतोय."

"वीस वर्षं या धंद्यात आहे मी! तू लिंबं पिळ!"

तावातावाने मी पीस साडीवर टाकून उन्हात धरला. सासूबाई वाकल्या. मीही वाकलो. मोरपंखीच होता!

सासूबाईंनी आपल्यासमोरचा सरबताचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "प्या," त्या म्हणाल्या. "तुमीबी काय वाईट नाय."