खानसाम्याची करंजी

जालना जिल्ह्यात जे गुन्हे घडलेच नाहीत, त्यांचाही छडा आमच्या मामेसासऱ्यांनी लावलेला आहे. पोलिसांत जमादार होते. निवृत्तीचा हुकूम फक्त गणवेशाला लागू असतो, असा त्यांचा पक्का समज. घरातली साय गेली तर आधी सगळ्यांचे जबाब होतात आणि मग मांजराचे नाव निघते.

नाताळ जवळ आला की त्यांच्या अंगात एकच प्रकरण शिरे. शेजारच्या मार्थामावशींचे पणजोबा छावणीत एका गोऱ्या साहेबाचे खानसामा होते. नाताळच्या दिवशी करंजी खाऊन साहेब मेला, विष घातल्याचा आळ खानसाम्यावर आला आणि तो पळाला तो परतलाच नाही. तेव्हापासून नाताळच्या सकाळी त्या घरातली पहिली करंजी उंबऱ्याबाहेर ठेवायची रीत पडली. म्हातारा आलाच तर उपाशी जाऊ नये. मावशी दरवर्षी म्हणत, "जमादार, आमच्या म्हाताऱ्यानं मारलं का न्हाई, येवढं मरायच्या आधी कळू द्या."

एका वर्षी मामांनी ती करंजीच मुद्देमाल म्हणून डब्यात घालून लाखेने सीलबंद केली. पंच म्हणून सही माझी. आठ दिवसांनी पाहिले तर सील शाबूत आणि आत मुंग्याच मुंग्या.

"मुंग्या जित्या हायेत. म्हंजे करंजीत ईख न्हाई," मामा म्हणाले.

साहेबाने खाल्लेली करंजी ही नव्हे, असे मी सुचवून पाहिले.

"जावईबापू, तपासातलं तुमाला काय कळतं?"

खरेच काही कळेना. मुंग्या आत कशा गेल्या, हेही कळेना. दर नाताळला खुनी बदले. कधी मडम, कधी धाकटा साहेब, एकदा तर खुद्द साहेबच.

गेल्या नाताळात मावशी अंथरुणाला खिळल्या होत्या. मामा जुनी टोपी घालून गेले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला. "मावशी, तपास पूरा झाला. तुमचा म्हातारा बिलकुल बेकसूर."

मावशी छताकडे बघत कितीतरी वेळ हसत राहिल्या.

परतताना मी पुरावा विचारला. "न्हाई सापडला," मामा म्हणाले. "पण मंग तिला किती दिस अडकवून ठेवायचं?" उभ्या नोकरीत त्यांनी एकही खोटा जबाब लिहिला नव्हता. मला त्यांच्याविषयी फार माया दाटून आली.

यंदा मावशी नाहीत. नाताळच्या सकाळी मामांच्याच उंबऱ्याबाहेर करंजी दिसली. मी विचारले, "ही खानसाम्यासाठी की मावशींसाठी?"



"ते मलाबी समजून न्हाई राह्यलं," मामा म्हणाले. "पण दोघं संगं आले तं एक कमी पडंल."

आणि मामींकडून आणखी एक करंजी मागून त्यांनी ती पहिलीशेजारी ठेवली.