सगळ्यांच्या गालावर एकच तीळ

खरं सांगू का, हे मी लिहिणारच नव्हते. काका म्हणाले, "माझ्यावर काय लिहिणार? मी आयुष्यात काय केलंय, लोकांच्या पुटकुळ्या पुसल्या." आत्या म्हणाली, "लिही, पण माझ्या आवाजाबद्दल काही लिहू नकोस." आत्याच्या आवाजाशिवाय काकांची गोष्ट सांगायची म्हणजे ढोलाशिवाय मिरवणूक, म्हटलं जाऊ दे. पण काल लायब्ररीत बसल्या बसल्या तो किस्सा परत आठवला आणि मी एकटीच इतकी हसले की शेजारची मुलगी पुस्तक उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. आता लिहिते बाबा, नाहीतर पोटात दुखेल.

तर काका. म्हणजे आत्याचे यजमान. दोघांचा मिळून एक फोटो स्टुडिओ आहे, दोनच खोल्यांचा. पुढच्या खोलीत आत्या फोटो काढते. मागच्या खोलीत काका कॉम्प्युटरवर ते फोटो नीट करतात. आत्या गिऱ्हाइकाला बसवते, "मान वर, अजून वर, आता काय छत बघताय का, खाली" करते, क्लिक करते आणि ओरडते, "अहो, आला!" की मागे काकांच्या स्क्रीनवर तो माणूस उघडतो. काका त्याला कधी प्रत्यक्ष बघत नाहीत. म्हणजे अख्ख्या वस्तीचे चेहरे त्यांना तोंडपाठ आहेत, पण रस्त्यात कोणी नमस्कार केला तर ओळखत नाहीत. कारण रस्त्यात माणसं चालतात, स्क्रीनवर ती गप्प बसलेली असतात.

काकांचा एक नियम आहे, तो त्यांच्या गुरूंनी दिलेला. पुटकुळी पाहुणी असते, तीळ मालक असतो. पाहुण्याला घालवा, मालकाला हात लावू नका. माणूस तिळावरून ओळखला जातो, ओळखपत्रावर तीळच नसला तर उपयोग काय? म्हणून काका तीळ नुसता ठेवत नाहीत, त्याची कड जरा उठावदार करतात. प्रेमाने. जसं कोणी देव्हारा पुसावा तसं.

आणि आत्याचा नियम असा की कॅमेऱ्याची तिवई हलवायची नाही. स्टूल तर तिने जमिनीला स्क्रूने ठोकलंय. लहान मूल असलं तर खाली उशा घालायच्या, उंच माणूस असला तर स्टूल खाली फिरवायचं, पण डोळे बरोबर त्याच ओळीत आले पाहिजेत. त्यामुळे त्या स्टुडिओतला कुठलाही फोटो घ्या, चेहरा त्याच जागी.

तर एके दिवशी जेवताना काका म्हणाले, "आजकाल लोकांना तीळ फार येतायत गं."

"येऊ देत," आत्या म्हणाली. "आमटी घ्या."

"नाही, पण सगळ्यांना डाव्या गालावर."

"सूर्य कुठल्या बाजूला असतो?"

काकांनी यावर दोन दिवस विचार केला आणि त्यांना पटलं सुद्धा! मग त्यांनी स्वतःचा फोटो काढून घेतला, कसल्याशा कार्डासाठी, तर त्यांच्याही गालावर तीळ. आरशात दिसला नाही. पण काका दाढी करताना चष्मा काढून ठेवतात, त्यामुळे दिसत नसेल म्हणाले. वयानुसार येतात म्हणाले. त्याचीही कड उठावदार केली.

गिऱ्हाइकं कुरकुरायची अधूनमधून. एक बाई म्हणाल्या, "अहो हा डाग कसला? मला तीळ नाहीये." आत्याने त्यांच्या हातात आरसा दिला. आरसा आत्याच्या हातात असला की माणसाला नसलेला तीळही दिसतो. "तुम्ही स्वतःकडे नीट बघत नाही हो," आत्या म्हणाली, "संसार, संसार करता आणि स्वतःकडे दुर्लक्ष." त्या बाई डोळ्यात पाणी आणून, थँक्यू म्हणून गेल्या. हेडसर आले होते, त्यांनाही तसंच परतवलं. आत्याशी वाद घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे सगळ्यांना माहीत.

मग त्या जुळ्या आल्या.

दोघी बहिणी, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. फरक एवढाच की एकीच्या हनुवटीवर तीळ आणि दुसरीचा चेहरा कोरा. त्यांची आईसुद्धा हनुवटी बघून हाक मारते. आईने फोटोचं पाकीट उघडलं. पहिल्या फोटोत दोन तीळ. दुसऱ्या फोटोत एक. आई बघतच बसली. मग तिने अंगठा ओला करून फोटोवर घासला. मग तोच अंगठा मुलीच्या गालावर घासला.

"आई, शी!"

"गप्प बस. बाई, ही माझी नाही."

"तुमचीच आहे," आत्या म्हणाली, "नीट बघा, पोरींकडे लक्ष..."

"मी जन्म दिलाय हिला! हिच्या अंगावर एकही तीळ नाही!"

आवाज इतका चढला की काका बाहेर आले. कधी येत नाहीत. आले, चष्मा पुसला, त्या मुलीच्या गालाकडे बघितलं. गाल स्वच्छ. फोटोकडे बघितलं. तीळ. तोही स्वतःच्या हाताने कड काढलेला. काका तसेच आत गेले आणि एकेक फाइल उघडायला लागले. डॉक्टरीणबाई, तीळ. गॅसवाला, तीळ. हेडसर, तीळ. पाळण्यातलं बाळ, तीळ. बरोबर त्याच जागी, स्टॅम्प मारल्यासारखा.

आत्याने आधी कॅमेरा उघडून पंपाने हवा मारली, धूळ असेल म्हणून. मग काय काय केलं, शेवटी सर्व्हिसवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "बाई, धूळ नाही ही. सेन्सर गेलाय."

"गेला म्हणजे? कुठे गेला?"

"म्हणजे तेवढा तुकडा मेला. आत प्रकाश पडतो ना ज्याच्यावर, त्याचा. प्रत्येक फोटोत तिथे काळाच ठिपका येणार. आणि या मॉडेलचे पार्ट यायचे बंद झालेत. नवा घ्या."

आता खरी गोष्ट. नवा कॅमेरा आला की सगळ्यांचे फोटो फुकटात परत काढून देऊ, असं आत्याने दारावर लिहून लावलं. लोक वाचून हसले. कोणी फार मनावर घेतलं नाही. गाणं शिकवणाऱ्या बाईंना तर तो तीळ इतका आवडलाय की आता त्या रोज पेन्सिलने काढतात. पण काकांनी मनावर घेतलं. इतकी वर्षं नजरेवर खाल्लं आणि नजरेनेच दगा दिला, असं त्यांच्या डोक्यात बसलं. माऊस झाकून ठेवला. झाकून! रुमालाने! आणि म्हणाले, "मी आता थांबतो. माझी नजर गेली."

"आणि करणार काय घरी बसून?"

"झाडं लावीन."

"तुमच्या हातून निवडुंग मेलाय," आत्या म्हणाली. आणि मग काहीच बोलली नाही. आत्या गप्प! मला तेव्हाच कळलं की हिच्या तोंडचं पाणी पळालंय.

नवा कॅमेरा तर घ्यायलाच हवा होता. आत्याला फुल फ्रेमच पाहिजे, म्हणजे ज्याच्या आतला सेन्सर जुन्या रोलच्या फिल्मएवढा मोठा असतो तो. त्याहून लहान सेन्सरला ती "चाळणी" म्हणते. तिच्या आवाक्यातले असे दोनच होते, दोन एकमेकींच्या उरावर बसलेल्या कंपन्यांचे. एक निळ्या डब्यातला, एक हिरव्या. निळा म्हणजे जसं असेल तसं दाखवणार, कातडीचं एकेक छिद्र मोजून घ्या. म्हणजे मागच्या खोलीत माणूस हवाच. हिरवा जास्त हुशार. तो माणसाचा डोळा स्वतः शोधून फोकस करतो, पोर कितीही वळवळलं तरी. आणि कातडी तो आतल्या आत गुळगुळीत करूनच फोटो बाहेर काढतो. म्हणजे मागच्या खोलीत कोणाची गरजच नाही.

एवढं सरळ होतं बघा. निळा आला तर काका राहणार. हिरवा आला तर काका घरी.

आणि दोघंही याबद्दल अवाक्षर बोलेनात! काका दिवसभर हिरव्याचं गुणगान करायचे, "डोळा स्वतः शोधतो गं, माझ्यासारखं नाही." आत्या म्हणायची, "हिरव्या रंगाचं आणि माझं जमत नाही." हे कारण आहे का? पण तिला "तुम्ही राहा" एवढे दोन शब्द म्हणता येईनात. लग्नाला इतकी वर्षं झाली की असं बोलायला लाज वाटते म्हणे. भांडायला वाटत नाही!

शेवटी दुकानातला सेल्समन दोन्ही डबे घेऊन स्टुडिओत आला. गरीब बिचारा, टाय लावून आला होता. जुन्या लेन्स दोन्हीला चालतील, मध्ये एक रिंग बसवली की झालं, असं तो चहा घेता घेता सांगत होता. या घरात कुठलीही वस्तू घेतली, लाइट, लेन्स, पडदा, की तिची परीक्षा काकांच्या चेहऱ्यावर होते. काका गेले आणि स्टुलावर बसले.

आधी निळा. क्लिक. काकांचे डोळे मिटलेले.

"परत."

क्लिक. काकांनी गाल फुगवलेले, दात दुखतोय असा चेहरा.

"बघ," काका म्हणाले, "निळ्यात माणूस चांगला येतच नाही."

मग हिरवा. काका असे हसले, असे हसले, मी त्यांना तसं हसताना कधी बघितलंच नव्हतं, टूथपेस्टच्या जाहिरातीसारखे. क्लिक. फोटो हललेला. परत क्लिक. परत हललेला. काकांना तीन कान.

सेल्समन पुढे सरकला. "मॅडम, तिवई हलतेय का?"

"जमीन हलत असेल."

"पण मॅडम, मगाशी निळ्याला..."

"तुम्ही चहा प्या."

तिसऱ्या क्लिकला काका स्टुलावरून खाली वाकले. कशाला वाकले देव जाणे, पण वाकले आणि त्यांना दिसलं.

"अगं! तू गुडघा मारतेयस तिवईला!"

"आणि तुम्ही निळ्याला डोळे मिटताय ते? मी आंधळी आहे का?"

"मी मुद्दाम मिटत नव्हतो!"

"गाल आपोआप फुगतात का? मला निळा घ्यायचाय आणि तुम्ही..."

"कशाला पण निळा? हिरवा चांगला आहे हे तुलाही कळतंय! डोळा स्वतः शोधतो!"

"मग मागे कोण बसणार?" आत्या ओरडली. "मी 'अहो, आला!' म्हणून कोणाला सांगू? भिंतीला?"

काका तोंड उघडं ठेवून बसले. सेल्समनने कप खाली ठेवला, घसा खाकरला आणि अगदी हळू म्हणाला, "सर... मॅडम... ते गुळगुळीत करायचं असतं ना, ते बंद करता येतं."

दोघांनी एकदम त्याच्याकडे मान वळवली.

"मेनूत आहे," तो म्हणाला. "पहिल्याच पानावर."

दोन आठवडे! दोन आठवडे घरात दोघांनी जेवण गोड लागू दिलं नव्हतं, आणि त्याला बटण होतं!

मी तर पडद्याच्या मागे तोंडात ओढणी कोंबून बसले होते. पण काका हसले नाहीत. म्हणाले, "तरीसुद्धा. माझी नजर गेली त्याचं काय? सगळे तीळ माझ्या हाताखालून गेले."

"मला पण दिसायचा तो," आत्या म्हणाली.

"काय?"

"कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर. फोटो काढला की दिसायचा. मला वाटायचं खोटा असता तर तुम्ही पुसला असता. तुम्ही कड काढताय म्हणजे खराच असणार."

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. "मला वाटायचं," ते म्हणाले, "तू माणसाला समोर बसवतेस. खोटा असता तर तू ओरडली असतीस. तू इतर सगळ्याला ओरडतेस!"

म्हणजे बघा ना. ती त्यांच्यावर विसंबली, ते तिच्यावर विसंबले, आणि मधल्या मधे अख्ख्या वस्तीला तीळ झाला. यात नजरेचा काय दोष? एवढा विश्वास ठेवल्यावर होणार काय दुसरं!

आत्या उठली, मागच्या खोलीत गेली आणि काकांचं टेबल ओढायला लागली. कॉम्प्युटरसकट. सेल्समन टाय मागे टाकून धावला. दारात टेबल अडकलं, तर आत्या टेबलालाच ओरडली. शेवटी ते पुढच्या खोलीत स्टुलाच्या शेजारी येऊन बसलं, आणि आत्या धापा टाकत म्हणाली, "आता माणूस बघा आणि मग फोटो बघा. आणि जे काय नसेल ते मला लगेच सांगा." मग सेल्समनकडे वळून म्हणाली, "हिरवा द्या. आणि ते बटण कुठाय ते दाखवा, मी बंद करून त्याच्यावर चिकटपट्टी लावते." मेनूवर चिकटपट्टी लावता येत नाही हे सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

तर आता काका पुढच्या खोलीत बसतात. आणि फार त्रास देतात, खरंच! इतकी वर्षं माणसं न बघितल्याचं सगळं आता वसूल करतायत. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की काका खुर्ची सरकवून पार गालाजवळ नाक नेतात. "हा तुमचाच का? लहानपणापासून?" मग त्या तिळाची गोष्ट ऐकतात. मग कपाळावरच्या खुणेची. कोण कुठून पडलं, कोणाला भावाने ढकललं, सगळं. लोक पाच मिनिटांचा फोटो काढायला येतात आणि अर्धा तास बसतात. बाहेर रांग लागते आणि आत्या तणतणत असते, "अहो, फोटो काढायचाय, लग्न नाही जमवायचं!" आणि काका रस्त्यात आता सगळ्यांना ओळखतात, स्वतः हाक मारतात. गॅसवाल्याला तर मिठी मारली परवा.

तुम्ही जा ना एकदा. फोटो नको असला तरी जा. सांगा की डाव्या गालाचं दाखवायला आलोय, काका लगेच चष्मा पुसतील. पण लवकर जा हं, प्लीज, याच आठवड्यात. आत्या म्हणतेय की रांग अशीच राहिली तर टेबल परत आत जाणार, आणि तिचं काही सांगता येत नाही.