उपास आणि उपाशी

आमच्या कॉलेजच्या अभ्यासात रक्तातली प्रथिनं मोजून आहार, आनुवंशिकता आणि मधुमेह यांचं नातं शोधतात. रक्त घेणाऱ्या ताई सुई हातात घेण्याआधी प्रत्येकाला विचारतातच, "सकाळपासून पोटात काय गेलंय?"

मिरजोळ्याहून आलेल्या आजी म्हणाल्या, "फोनवर सांगितलं तसा उपास केलाय गो. साबुदाण्याची खिचडी तेवढी खाल्ली."

'उपाशीपोटी या' म्हणण्याऐवजी मीच त्यांना फोनवर 'उपास करून या' म्हणाले होते.

"थोडीशीच खाल्लीय, चालेल ना?" मी ताईंना हळूच विचारलं.

ताईंनी सुई ठेवून दिली. "आजी, उद्या मीच येते तुमच्याकडे. रात्रीच्या जेवणानंतर मी येईपर्यंत चहासुद्धा घेऊ नका हां."

मग त्यांनी माझं पेन मागितलं. फॉर्मवर 'सूचना चुकीची दिली' असं लिहून, माझं नाव न घालता, खाली स्वतःची सही केली. पेन परत घेताना मला मान वर करवेना.