सरळ उभा राहिलेला पाच

केशवराव जालन्याच्या स्टेशनात तारबाबू होते. माणूस सरळ, पानसुपारीपलीकडं व्यसन नाही, तरी नातेवाईक त्यांना टाळायचे. समोरच्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं की वैद्यानं नाडी बघावी तसा ते त्याचा हात धरायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि निकाल द्यायचे, "मशीन बराबर आहे. डायल मात्र रंगवलेली."

आता हे ऐकून आजवर कुणाला आनंद झालेला नाही. जुन्या घड्याळाची तबकडी काळवंडली की लोक ती खरवडून नव्यानं रंगवून घेत. चांगल्या कारागिराचं काम ओळखूही येत नसे. पण निजामाचं राज्य गेल्यावर दुकानांच्या उर्दू पाट्या पुसून नागरी पाट्या लिहायची लाट आली, ती ओसरली, आणि रिकामे झालेले पेंटर मिळेल ते रंगवायला लागले. त्यांच्या तडाख्यात घड्याळंही सापडली. बारीक आकड्यांची पोटं सुटली, रंग मिनिटांच्या ठिपक्यांवर ओघळला. केशवरावांना ते हातभर अंतरावरून दिसायचं आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवायचं नाही. एकदा ते मस्तगडला कुणाच्या तेराव्याला गेले आणि तिथं मयताच्या भावाचा हात हातात घेऊन बसले. त्या बिचाऱ्याला वाटलं, सांत्वन करतायत.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण घरात लग्नाची मुलगी होती. नीला मॅट्रिक झालेली, उंच, कमी बोलणारी. अंबडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. बोलणी चालू असताना केशवरावांनी मुलाच्या वडिलांचं घड्याळ नापास केलं आणि ते लोक चहा अर्धा ठेवून उठले. त्यानंतर वर्षभर कुणी उंबरा चढलं नाही. मग बदनापूरचं स्थळ आलं. मुलगा भालचंद्र, तिथल्या सरकारी शेतीफार्मवर नोकरीला, वडील नाहीत, सगळा कारभार मामाच्या हाती. हेही हातचं गेलं तर पुढं कुणाला विचारायचं, हा प्रश्न प्रेमलाबाईंनी नवऱ्याला सकाळपासून तीनदा ऐकवला.

"अहो, आज हात पाठीशी बांधून बसा."

"मी काय कुणाच्या खिशात हात घालतो का?"

"खिशात घातला असता तर परवडलं असतं. आज घड्याळाचं नाव काढलं ना, तर मी नीलाला घेऊन माहेरी जाते. मंग बसा तारा पाठवत."

केशवरावांनी शब्द दिला.

दुपारी पाहुणे आले. मार्तंडमामा कोटात, भालचंद्र पांढऱ्या शर्टात, आणि त्याच्या मनगटावर घड्याळ. केशवराव समोरच्या खुर्चीवर हातांची घडी घालून बसले होते. भालचंद्रानं पोह्यांची बशी घ्यायला हात पुढं केला आणि केशवरावांना तो पाच दिसला.

रोमन आकड्यांची डायल. अशा डायलवर खालचे आकडे डोक्यावर उभे असतात, कारण सगळ्यांचे पाय मधल्या खिळीकडं. चार, सहा, सात, सगळे रीतीप्रमाणं उलटे होते. एकटा पाच मात्र शाळेतल्या हुशार पोरासारखा सरळ उभा. केशवरावांनी खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मामांची नजरही त्याच घड्याळावर होती. "ह्याच्या वडिलांचं घड्याळ हे," ते कौतुकानं म्हणाले. "अस्सल. आजपावेतो कुणी हात न्हाई लावला त्याला."

केशवरावांना ठसका लागला. प्रेमलाबाईंनी आतून पाणी पाठवलं, पाण्याबरोबर एक नजरही पाठवली. ते पाणी प्यायले.

नीला येऊन पाटावर बसली, प्रेमलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नाव विचारून झालं, शिक्षण झालं, भरतकाम झालं. आता एक परीक्षा उरली होती. मुलीची नजर चांगली आहे ना, हे बघायला त्या काळी सुईत दोरा ओवायला लावत किंवा घड्याळ दाखवत. मामांनी भाच्याच्या हातातलं घड्याळ काढून नीलापुढं धरलं. "सांग बाई, किती वाजले?"

नीलानं बघितलं. बघतच राहिली. मामांनी प्रेमलाबाईंकडं बघितलं, प्रेमलाबाईंनी जमिनीकडं.

"मॅट्रिक म्हणाल्ता ना तुम्ही?" मामा म्हणाले.

"काट्यांचं सांगू का आकड्यांचं?" नीलानं विचारलं.

"म्हंजे?"

"आकडे बघितले तर चार बत्तीस. काटे बघितले तर चार पस्तीस. बाराच्या बराबर समोर सहा पाहिजे ना? इथं तो डावीकडं सरकलाय. सहानं ढकललं म्हणून सातही पुढं गेला."

"चार बत्तीसच," मामा तोडून म्हणाले आणि त्यांची नजर नीलाच्या पाठीमागच्या भिंतीवरच्या घड्याळावर गेली. तिथं चार पस्तीस होऊन गेले होते. "तुमचं पुढं दिसतंय, तारबाबू."

"ते रेल्वेच्या वेळेला लावलेलं आहे," केशवराव म्हणाले. एवढ्यानं शब्द मोडत नव्हता.

"पोरीला वेळ सांगता येत न्हाई अन् वरून आमच्या दाजींच्या घड्याळाला नावं ठेवून राह्यली. बघणारा चुकला की घड्याळ चुकलं, सांगा तुम्हीच."

केशवरावांनी प्रेमलाबाईंकडं बघितलं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. लेक खोटी ठरत होती आणि नवरा तोंड शिवून बसला होता. "आता बोला की," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "नको तिथं बोलता, इथंच बरे गप्प."

केशवरावांनी घड्याळ हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला. वर्षभराचा उपास सुटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"हे रंगवलंय, मामा, आणि अलीकडंच. पेंटर आमच्यासारखाच उर्दू शाळेतला. उर्दूत खाली तोंड उघडं असलेली कैची म्हणजे आठ. रोमन पाच डोक्यावर उभा केला की तसाच दिसतो. त्याला वाटलं, पाचाच्या जागी लोक आठ वाचतील. म्हणून त्यानं तो सरळ केला. आता वर तोंड उघडी कैची म्हणजे उर्दूत सात. आठ नको म्हणून बिचाऱ्यानं सात करून ठेवले."

कुणी हसलं नाही. मग भालचंद्र हसला. आल्यापासून त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

"मामा, तुम्ही साफ करायला नेल्तं ना मागच्या महिन्यात?"

"साफच केलं. थोडं उजळून घेतलं. मुलगी बघायला जायचं, कळकट घड्याळ घालून जायचं का?"

"तेव्हापासून मी फार्मवर उशिरा पोचून राह्यलो. साहेब बोलतात, मी घड्याळ दाखवतो, ते आणखी बोलतात. मला वाटलं, डोळे गेले." तो नीलाकडं वळला. "बाराच्या समोर सहा. हे मला महिनाभर दिसलं न्हाई."

मामा उठले. "चला. विचार करून कळवू," म्हणाले. ह्या वाक्याचा अर्थ त्या घरात पाठ होता. प्रेमलाबाई वळून आत गेल्या. मामांनी घड्याळासाठी हात पुढं केला, पण भालचंद्र म्हणाला, "राहू द्या ते इथंच. काका, तुम्ही बराबर करून घ्या."

"अरे, इथं ठेवलं म्हंजे न्यायला यावं लागंल."

"येईन की."

मामा भाच्याकडं बघत राहिले. मग परत खुर्चीवर बसले आणि आतल्या दिशेनं म्हणाले, "वहिनी, साखर असली तर आणा. हा पोरगा ऐकायचा न्हाई."

केशवरावांना दोष काढता येत होता, दुरुस्ती येत नव्हती, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी उघडी पडली. जालन्यातल्या घड्याळजीनं पेंटरचा रंग खरवडला, त्याखालचे मूळ आकडेही पेंटरनं आधीच खरवडून टाकलेले निघाले. राहिली कोरी पांढरी तबकडी आणि दोन काटे. भालचंद्र म्हणाला, चालेल. लग्नात तो तेच घड्याळ घालून उभा राहिला. मामांनी एकदा त्याचा हात उचलून बघितला. "ह्यात तर काहीच न्हाई," ते म्हणाले.

"रंगवलेलंही न्हाई," केशवराव म्हणाले, आणि पंगतीला वाढायला गेले.