फ्यूजच्या जागी बल्ब

वडीगोद्रीच्या फाट्यावर साहेबराव मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक बाज, एक लोखंडी पेटी आणि बाभळीची सावली. गाड्यांच्या वायरिंगचं काम तो जालन्यात एका उस्तादाच्या शिव्या खात शिकला. छप्पन्न साली बापानं दीक्षा घेतली, घरातले देव गेले आणि त्यांच्याबरोबर कुणापुढं वाकायची सवयही गेली. काम चोख, तोंड तिखट. ट्रकवाले तरी त्याच्याकडंच थांबत.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात भुजंगरावांच्या जुन्या जीपचा फ्यूज महिन्यात पाचव्यांदा उडाला. दिवे गेले, हॉर्न गेला. भुजंगराव गावचे साठ एकरवाले. दुकानासमोर जीप उभी करून, समोरच्या हाटेलात चहा पिणाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ते बोलले, "सायब्या मुद्दाम कच्चा फ्यूज टाकून राह्यला. गाडी परत यावी म्हणून."

हाटेल हसलं. साहेबरावचं डोकं तापलं. हे बोलणं ट्रकवाल्यांच्या कानी गेलं की बाभळीखाली कुत्रंसुद्धा थांबणार नाही, हे त्याला बराबर ठाऊक होतं.

"चोर म्हन्ता का मला?"

"तसं कुठं म्हणलं? सिगारेटची चांदी गुंडाळ त्याला, अन् दे मोकळं करून."

"चांदी गुंडाळली तर फ्यूज उडणार न्हाई, जीप पेटंल. फ्यूज बिचारा राखणीला हाय. त्याला मारतो कोण, ते धरू. बसा गाडीत."

त्यानं फ्यूजच्या जागी दोन वायरी लावून हेडलाइटचा एक बल्ब जोडला आणि मांडीवर धरला. "आतली वायर कुठं पत्र्याला टेकली की हा पेटंल. हॉर्नला हात लावू नका, त्यानंबी पेटंल."

जीप निघाली. खड्डे झाले, नाला झाला. बल्ब थंडच.

"उडतो कुठं?" साहेबरावनं विचारलं.

"मारुतीपाशी. पाचीच्या पाची येळा. जागाच वंगाळ हाय. आमच्या कारभारणीनं दोन नारळं फोडले तिथं."

मारुतीचं देऊळ आलं. भुजंगरावांनी एक हात स्टेअरिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या पितळी पत्र्याला चांगली दाबून कपाळाला लावली. बल्ब भक्कन पेटला आणि विझला.

"थांबवा. परत हात लावा."

"कशाला?"

"देवाला. जोरानं."

बल्ब पेटला. बोट हलकं टेकलं की काही नाही, दाबलं की उजेड. चौथ्यांदा भुजंगरावांनी स्वतःहून दाबून पाहिलं.

"हा पत्रा कधी ठोकला?"

"मागच्या चतुर्थीला. राजूरच्या गणपतीहून आल्तो तवा."

जीप दुकानासमोर परत आली. साहेबरावनं स्क्रू-ड्रायव्हर पुढं केला. "घ्या, काढा."

"तू काढ की. मिस्त्री तू हायेस."

"मी काढला तर सांजपर्यंत गावात बोंब होईल, बौद्धानं गणपती उपटला म्हणून. तुमचा देव, तुमचा स्क्रू."

भुजंगराव आयुष्यात पहिल्यांदा डॅशबोर्डपुढं वाकले. घाम पुसत त्यांनी स्क्रू काढला. चांगला दीड इंची होता. मागं हॉर्नची वायर खरवडून तांबं उघडं पडलं होतं. साहेबरावनं वायर बाजूला घेऊन तिच्यावर काळी पट्टी गुंडाळली.

"पत्रा लावा परत. पण स्क्रू अर्ध्या इंचीचा."

"लावतो. टाक आता फ्यूज."

साहेबरावनं फ्यूज मुठीतच ठेवला. "आधी हाटेलाकडं तोंड करा. मघा जितक्या मोठ्यानं बोलले, तितक्याच मोठ्यानं सांगा."

"काय सांगू?"

"फ्यूज काहून उडत होता ते."

भुजंगरावांनी इकडं तिकडं पाहिलं. साहेबरावची मूठ उघडेना. "वायर खरवडली होती रे," ते ओरडले.

"कशानं?" हाटेलातून कुणीतरी विचारलं.

"माझ्या स्क्रूनं. मिस्त्रीची चूक न्हाई."

साहेबरावनं फ्यूज बसवला आणि हॉर्न दाबला. वाजला.