बाहुलीला मारल्याची नोटीस

साळूबाईला उभ्या आयुष्यात नोटीस आली ती एकच, आणि तीही बाहुलीला मारल्याची.

ही साळूबाई मूळची सायखेड्याची. नवरा भिमाजी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशावर कंत्राटी कामाला लागला, म्हणून बिऱ्हाड नाशिकरोडला आलं. तिथं एका दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीवर ती मावशी म्हणून लागली आणि एकोणीस वर्षं तिनं तिथं काढली. अंगानं धिप्पाड, हात फावड्यासारखे, तोंड त्याच्याही पुढं. साळूमावशी कामावर असली की बाया ओरडत नाहीत, अशी तिची ख्याती. डॉक्टर लोकांना लय सोयीची बाई. ओरडणारीच्या मांडीवर एक सणसणीत चापट बसायची आणि वर ठरलेलं वाक्य, नवऱ्याजवळ निजताना गोड लागलं, आता कशाला बोंबलती. ती काही दुष्ट बाई नव्हती. तिच्या आधीच्या मावशीनं तिला हे शिकवलं होतं, सासूनं सुनेला भाकरी थापायला शिकवावी तसं. तिनंही पुढं दोघीतिघींना शिकवलं.

गुडघे बोलायला लागले तसा तिनं दवाखाना सोडला आणि नर्सिंगच्या एका कॉलेजात साफसफाईला लागली. तिथं ती बाहुली होती.

बाहुली म्हणजे पोरींच्या भातुकलीतली नव्हे. चांगली बाईएवढी बाई. रबराची कातडी, छाती खालीवर होणार, पापणी लवणार, कपाळावर घाम येणार. पोटात बाळ, आणि पोरी शिकू लागल्या की ती ते जन्माला घालणार. आधी काचेमागं बसून एक सर तिच्या वतीनं माईकवर कण्हायचे आणि पोरी पदरात तोंड घालून हसायच्या. गेल्या वर्षी तिच्यात नवं यंत्र बसवलं. तेव्हापासून ती आपली आपण बोलते, तेही मराठीत. घाई केली तर घाबरते, नीट बोललं तर शांत होते, कालची पोरगी आज आली तर तिला नावानं हाक मारते. तिची देखभाल किशोर नावाचा तंत्रज्ञ करायचा. तो म्हणायचा, आत कुणी नाही, नुसती गणितं आहेत. पोरी म्हणायच्या, सर, तुमच्या आत कोण आहे ते तरी कुणी उघडून बघितलंय?

आणि तिथं एक नियम होता. बाहुलीला हात लावायच्या आधी तिला विचारायचं. ताई, पोट तपासू का? ती हो म्हणाली तरच हात लावायचा. न विचारता लावला तर परीक्षेत मार्क कापायचे. साळूबाई फरशी पुसता पुसता हे ऐकायची आणि घरी जाऊन भिमाजीला सांगायची, रबराच्या बाईची केवढी मिजास.

डिसेंबरात दुसऱ्या कॉलेजातले मास्तर लोक बाहुली बघायला आले. प्रात्यक्षिकात मावशीच्या जागी उभं राहायला कुणी नव्हतं. प्राचार्य योगिनी मॅडम साळूबाईला म्हणाल्या, तुम्ही उभ्या राहा, तुम्हाला अनुभव आहे. बाहुलीच्या कळा सुरू झाल्या. ती ओरडली, अगदी पोटातून ओरडली. आणि साळूबाईचा हात उठला. माशी बसली की बैलाचं शेपूट उठतं, त्याला कुठं विचार करावा लागतो, तसा. फाडकन मांडीवर बसला आणि त्याच्यामागं ते ठरलेलं वाक्य.

पाहुण्यांच्या आधी बोलली ती बाहुली.

"मावशी, मारू नका. मला भीती वाटते. काय होतंय ते मला विचारा."

साळूबाईनं हात मागं घेतला. बाहुलीच्या मांडीत तारा असतात, हे तिला ठाऊक नव्हतं. प्रात्यक्षिक संपल्यावर यंत्रातून कागद निघाला. डाव्या मांडीवर मार, एक वेळ, अकरा वाजून चार मिनिटं. अपशब्द, एक वेळ.

दुसऱ्या दिवशी नोटीस. शनिवारी वर्गासमोर बाहुलीची माफी मागावी, नाहीतर कामावर येऊ नये.

आधी ती हसली. मग किशोरला गाठून विचारलं, तिला लागलं का रे? किशोर म्हणाला, मावशी, तिला काही लागत नाही, ती दाब मोजते आणि शब्द जुळवते. मग मी माफी मागू कुणाची, असं विचारल्यावर त्यानं मॅडमच्या खोलीकडं बोट केलं.

मॅडम म्हणाल्या, "तिला आतून काही वाटतं का, हे मला माहीत नाही, किशोरलाही नाही. वाटत नसेलही. पण ओरडणारं माणूस आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत आपण हात उगारायचा नाही. उद्या या पोरी खऱ्या वॉर्डात जाणार आहेत."

घरी भिमाजी लसूण सोलत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला त्यात अवघड काहीच दिसलं नाही.

"पोळ्याच्या आदल्या दिशी आपुन बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळीत व्हतो का नाय? वर्सभर जू ठिवलं म्हणून? उद्या जेवायला या म्हणून आवतण बी देत व्हतो. बैल काय माणूस हाय? तशीच माग अन् मोकळी हो."

"बैल माफ करीत व्हता का पण?"

"ते कोण इचारतं. आपुन लोणी चोळायचं."

 साळूबाईला माफी टोचत नव्हती, कागद टोचत होता. एका चापटीची बाजू लिहिली होती, वेळ लिहिली होती. दवाखान्यात एवढ्या मांड्या लाल झाल्या, त्यांचा एकही कागद कधी निघाला नाही. तिनं त्या बाया आठवायला घेतल्या आणि एकीपाशी येऊन अडली. ती नेहमी तिथंच अडायची. म्हणून तर ती कधी आठवायला घेत नसे.

ती कमळाबाई, सुरगाण्याकडची. भात निघालं की तिकडची माणसं जीपमध्ये दाटीवाटीनं बसून द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात. ही नवऱ्याबरोबर सायखेड्याच्या बागेत आली होती, दिवस भरलेले. बागेतूनच तिला दवाखान्यात आणलं. ती काही फार ओरडत नव्हती. एकच सांगत होती, मावशी, बाळ हालत नाही. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. साळूबाईला वाटलं, पहिलटकरणीची नाटकं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा चापट मारली आणि गप पड म्हणाली. डॉक्टर शेजारच्या खोलीत जेवत होते. हाक मारली असती तर हात धुऊन आले असते. साळूबाईनं हाक मारली नाही. पाऊण तासानं ते आपले आपण आले तेव्हा बाळ गेलेलं होतं. हाक मारली असती तर ते वाचलं असतं का, हे कुणीच सांगू शकलं नसतं. पण तो पाऊण तास साळूबाईचा होता, आणि हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं.

कमळाबाई पुढंही दर हंगामाला त्याच बागेवर येत राहिली. अकरा वर्षं. साळूबाई भावाकडं सायखेड्याला गेली की बाजारात ती दिसायची. एकदा तर समोरासमोर येणार तेवढ्यात साळूबाई बोंबीलवालीच्या पालामागं जाऊन उभी राहिली आणि नको असताना पावशेर बोंबील घेऊन आली.

"मी पयली माफी रबराची मागू?" ती भिमाजीला म्हणाली. "कमळाबाई राह्यली अन् ही आधी? मला नाय व्हायचं ते." आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला कमळाबाईचं सांगितलं.

भिमाजीनं लसणाची फोलपटं गोळा केली. मग म्हणाला, "मंग तिच्याकडं जा आधी."

"ती काय म्हनंल?"

"मला काय ठाव. बैल नाय ती."

शुक्रवारी रजा टाकून साळूबाई सायखेड्याला गेली. भाऊ चंदर यानं बाग दाखवली आणि बांधावरूनच परत फिरला. मांडवाखाली बायांची ओळ लागली होती. द्राक्षाच्या घडांची विरळणी चालली होती, म्हणजे छोट्या कात्रीनं घडातले बारके मणी छाटायचे, बाकीच्यांना फुगायला जागा करायची. दिवसभर हात वर आणि मान मागं. कमळाबाई ओळीत तिसरी होती. तिनं साळूबाईला बघितलं आणि पुन्हा घडाकडं तोंड केलं. ओळख सांगायची गरज पडली नाही.

साळूबाईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाहुलीचंही सांगितलं, कारण त्याशिवाय आजच का आलीस याचं उत्तर देता येईना. पलीकडच्या बाया कात्र्या थांबवून ऐकू लागल्या. बाहुलीच्या घामाचं ऐकून एक जण फिसकन हसली. कमळाबाईनं मात्र नीट विचारून घेतलं, ती कशाची केलीय, तिला लुगडं कोण नेसवतं, बाळ रोज तेच का नवं.

मग म्हणाली, "ती मारू नको म्हणली, मंग तू काय केलंस?"

"हात मागं घेतला."

"लगेच?"

"लगेच."

कात्री दोनदा वाजली. पानांवरून मणी घरंगळले.

"मी बी सांगलं होतं," कमळाबाई म्हणाली.

 माझं चुकलं, मला माफ कर, एवढंच साळूबाई म्हणाली. कमळाबाईनं हात खाली घेतले, खांदा चोळला आणि पहिल्यांदा तिच्याकडं तोंड केलं.

"नाही करायची. आलीस ते बरं केलंस, पण माफ नाही करायची. पुढची दोन लेकरं मी घरीच केली, तुझ्या भ्यानं. एकाच्या टायमाला मरत होते." हे ती रागानं म्हणाली नाही. भाव ठरलेला असावा तसं म्हणाली. "तिकडं डरमात पाणी हाय. पी अन् जा, मुकादम येईल."

साळूबाई पाणी प्यायली आणि आली.

शनिवारी वर्ग भरला. बाहुलीला सुरू केलं. साळूबाई पुढं झाली, नियमाप्रमाणं आधी विचारलं, ताई, बोलू का? बाहुली हो म्हणाली.

"मी तुला मारलं. शिवी दिली. चुकलं माझं."

"काही हरकत नाही, मावशी," बाहुली म्हणाली. "मी तुम्हाला माफ केलं. मला आता बरं वाटतंय."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी नोटीस फाडली. काम संपलं होतं, पण साळूबाई जागची हलेना. कालच्या मांडवाखालून ती जशीच्या तशी परत आली होती आणि इथं वाक्य पुरं होतं न होतं तोच सुटका. पोरी गेल्यावर तिनं किशोरला धरलं. ही एवढ्या लवकर कशी माफ करती? किशोर म्हणाला, कंपनीनं तसंच बसवलंय, माफी मागितली की माफ करायचं, नाहीतर पोरी रडत बसतात आणि तास पुढं जात नाही.

"तिला नाय म्हणता येतं का?"

"हात लावायला नाही म्हणता येतं. माफीला नाही म्हणता येत नाही."

"मंग अर्धीच बाई केली रे तुम्ही."

किशोर हसला. ती हसली नाही. ती तशीच मॅडमच्या खोलीत गेली आणि म्हणाली, कंपनीला अर्ज लिवा, माझ्या नावानं. बाहुलीला माफ न करण्याचा हक्क द्यावा. कुणाला माफ करायचं अन् कुणाला नाय ते तिचं तिला ठरवू द्यावं. मॅडमनी कागद पुढं ओढला. त्यांना वाटलं असावं, बाई थट्टा करतेय. मग तिच्या तोंडाकडं बघून त्यांनी दोन ओळी लिहिल्या.

"कारण काय लिहू? कंपनीवाले विचारतील, बाहुलीला हा हक्क कशाला हवा."

साळूबाईनं विचार केला.

"लिवा, ती माणूस हाय का नाय ते मला ठाव नाय. पर हिच्याकडं फुकट सुटाया मिळतंय. ह्या पोरी इथं मारतील, सॉरी म्हणतील अन् हसत घरी जातील. मंग वार्डात त्यांना एखादी भेटंल, जी सोडायची नाय. तव्हा त्यांना कळायचं नाय, आपलं काय ऱ्हायलं ते." मग म्हणाली, "अन् ते बी लिवा, मला माफ केलं ते तिनं वापस घ्यावं."

मॅडमनी ते लिहिलं. साळूबाईनं खाली सही केली. नावापुढं हुद्दा लिहायचा असतो, म्हणून तिथं साफसफाई लिहिलं होतं. ते तिनं खोडायला लावलं आणि त्या जागी लिहायला सांगितलं, माजी मावशी, बाळंतिणीची खोली.