आईचं पान

आधीच सांगून टाकतो — भुताखेतांच्या गोष्टी वाचून मोठ्याने हसणाऱ्यांपैकी मी आहे. या सदरातले अनुभव मी ऑफिसात लंच टाइमला वाचतो आणि मनातल्या मनात त्यांची चिरफाड करतो. आता माझी करा, काही हरकत नाही... फक्त करून झाली की मलाही कळवा. मला अजून जमलेली नाही.

२०१५च्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही परदेशात, यिशुनला राहतो — मी, मंजिरी आणि आमची मुलगी सई, तेव्हा शाळेत होती. पुण्याहून आई-बाबा राहायला आले होते. आईने टीव्हीवर हनोईचं तळं पाहिलं, पायांनी होड्या वल्हवणाऱ्या बायका पाहिल्या, आणि "एवढं जवळ आहे तर जाऊन येऊ की रे" म्हणून मागे लागली. मी तिकिटं काढली. पण निघण्याआधीच एका दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या आई गेली. हार्ट अटॅक. अँब्युलन्स लगेच आली, पण उपयोग झाला नाही.

दहाव्याचे विधी सेंबावांगच्या किनाऱ्यावर केले. लिटिल इंडिया या इथल्या भारतीय वस्तीतून एक पंडितजी मिळाले होते. ते हिंदीत सांगत होते, मी करत होतो. पिंड ठेवला. कावळे इथे भरपूर. दोन आले, फांदीवर बसले, पिंडाकडे बघत राहिले... शिवायला तयार नाहीत. मग आपल्याकडे करतात तसं हात जोडून एकेक कबूल करत गेलो. बाबांना कायम माझ्याकडे ठेवीन. सईला मराठी वाचायला शिकवीन. व्हिएतनामला जाऊन येऊ. कावळे ढिम्म. आपण एका पक्ष्याची मनधरणी करतोय याचा संताप येत होता. शेवटी पंडितजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला.

बाबांच्या लेखी मात्र तो उरकलाच नाही. त्या दिवसापासून ते जेवेनात. ताटावर बसायचे, आधी आईचं पान वाढायला लावायचे, ते बाहेर उघड्या कॉरिडॉरमध्ये ठेवून यायचे आणि कावळ्याची वाट बघायचे. वरण गार व्हायचं. मग दोन घास चिवडून उठायचे.

"ती उपाशी आहे रे. मी कसा जेवू?"

मी ऑफिसातून आलो की सई दारातच तिच्या शाळेतल्या इंग्रजीत सांगायची, "डॅडी, आजोबा अगेन नेव्हर ईट, लाह." बाबांचे शर्ट अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर स्पष्टच बोलले — असंच चाललं तर अॅडमिट करावं लागेल, आणि या वयात त्यातून उठतीलच असं नाही. आईला पोचवून पुरता महिना झाला नव्हता, आणि आता बाबा डोळ्यांसमोर झिजत होते. मला भयंकर भीती वाटत होती.

"आपण जाऊ या व्हिएतनामला," मंजिरी म्हणाली. "आईंचं मन तिथेच अडकलं असेल."

"तुझा विश्वास आहे असल्या गोष्टींवर?"

"माझ्या विश्वासाचं काय घेऊन बसलास? बाबांचा आहे ना!"

गेलो. हनोई फार देखणं निघालं, आणि तेच सोसवत नव्हतं. दिवसभर भुरभुर पाऊस, राखाडी तळं, अरुंद गल्ल्यांतून अखंड स्कूटर्स. फुटपाथवर इवलीशी प्लास्टिकची स्टुलं टाकून लोक खात बसलेले. तिथे शाकाहारी बौद्ध खानावळी पुष्कळ आहेत. तिथलं फो म्हणजे वाफाळतं सूप, त्यात तांदळाच्या शेवया, आणि शेजारी ताटभर कोथिंबीर, पुदिना, कसकसले पाले... आई असती तर आधी ते सगळं निवडून ठेवलं असतं. सई दोन-दोन वाट्या संपवायची. अंड्याची कॉफी मलाही आवडली. बाबा मात्र प्रत्येक टेबलावर आईच्या नावाची एक वाटी मागवत, ती बाहेर कट्ट्यावर ठेवत आणि बघत बसत. तिकडे चिमणीसुद्धा फिरकत नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या शहरात मी एकही कावळा पाहिलेला नाही.

शेवटच्या दिवशी एक गाइड घेऊन होडीत बसायला निन्ह बिन्हला गेलो. धुक्यातून वर आलेले डोंगर, खाली संथ नदी, आणि खरोखरच पायांनी वल्हवणाऱ्या बायका. बाबा अख्खा वेळ मान खाली घालून बसले होते. उतरलो तेव्हा भिजून कुडकुडत होते. काठावरच्या खानावळीत शिरलो. बाबांनी आईचा भात केळीच्या पानावर वाढून बाहेरच्या भिंतीवर ठेवला आणि आत येऊन नुसते बसले.

मालकीण बाबांच्याच वयाची. तिला वाटलं, हे आजारी आहेत. भाताची गरम पेज घेऊन ती समोर बसली, बाबांच्या हातात चमचा दिला आणि स्वतःच्या भाषेत त्यांना रागवायला लागली. परक्या बाईला नाही कसं म्हणायचं, म्हणून बाबांनी एक चमचा घेतला. तिने मान डोलावली. मग दुसरा. मग तिसरा... बाबांनी वाटी संपवली! मी बघतच राहिलो होतो, इतक्यात मंजिरीने माझा दंड घट्ट धरला.

भिंतीवर कावळा बसला होता. हिसकाहिसकी नाही, घाई नाही. त्याने शांतपणे पानावरचा भात खाल्ला, शीत न शीत, आणि डोंगराच्या दिशेने उडून गेला. आमचा गाइड दारातच थबकला होता. म्हणाला, "लहानपणानंतर इथे कावळा आजच पाहतोय."

बाबांनी रिकाम्या पानाकडे पाहिलं, मग स्वतःच्या वाटीकडे.

"गाढव आहे मी," ते म्हणाले. "अख्ख्या संसारात ती कधी माझ्या आधी जेवली का रे?"

इतके दिवस हे तिच्यासाठी थांबले होते, आणि ती यांच्यासाठी.

योगायोग, भुकेला पक्षी, वाट चुकलेला पक्षी — हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. मग सेंबावांगच्या त्या दोन कावळ्यांनी समोर असलेला भात का सोडला, तिथे माझी गाडी अडते. चार वर्षं झाली, अजून अडलेलीच आहे.

त्यानंतर बाबा रोज वेळेवर जेवू लागले. भूक असो नसो, पहिला घास घाईघाईने घ्यायचे. गेल्या महिन्यात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. गिळता येत नाही, नाकातून नळी घातली आहे. बोलणं पार अडखळतं. दुपारी नर्स नळीतून ते पांढरं पातळ औषधासारखं अन्न सोडते, तेव्हा बाबा माझं मनगट पकडतात आणि रोज तेच विचारतात,

"ह्याला... जेवण म्हणायचं का रे? नाहीतर ती थांबून राहील."

मी हो म्हणतो. खरं काय ते मला माहीत नाही.